टेक बातम्यांसाठी काय धरावं: यूट्यूब, हॅकर न्यूज की फीड रीडर?

माझा भाचा कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा म्हणाला, "मावशी, सगळे कुठल्या कुठल्या गोष्टींवर बोलत असतात आणि मला काहीच माहीत नसतं. रोज काय बघत जाऊ?" नव्याने नोकरीला लागलेली मुलंही हेच विचारतात, म्हणून त्याला दिलेलं उत्तर जरा सविस्तर लिहिते.

मुख्य वाटा तीन. यूट्यूबवर तुमच्यापुढे काय यावं हे यंत्र ठरवतं, हॅकर न्यूजवर (वाचकांनीच दुवे टाकायची आणि मतं द्यायची साइट) वाचणारे लोक ठरवतात आणि फीड रीडरमध्ये (तुम्ही निवडलेल्या साइटचे नवे लेख एका जागी आणून देणारं ॲप) तुम्ही स्वतः ठरवता. कुठली वाट घ्यायची हे या एका फरकावरच ठरतं, असं माझं मत आहे.

एका बातमीचं उदाहरण घेऊ. 29 मार्च 2024, गुड फ्रायडे. आपल्याकडे रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले होते, तेव्हा आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरने ओएसएस-सिक्युरिटी या सॉफ्टवेअर सुरक्षेवरच्या सार्वजनिक मेलिंग लिस्टवर एक मेल टाकली. त्याच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशिनवर एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून मशिनमध्ये शिरायला, 0.3 सेकंदांऐवजी 0.8 सेकंद लागत होते. हा अर्धा सेकंद जातो कुठे, ते तो शोधत गेला आणि लिनक्समध्ये फाइली आकसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड युटिल्सच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं बॅकडोर, म्हणजे आत शिरायचा चोरदरवाजा, सापडलं. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ निमूटपणे काम करून विश्वास कमावला होता.

हॅकर न्यूजवर ही मेल त्याच दिवशी पहिल्या पानावर आली. आर्स टेक्निका ही टेक बातम्यांची साइट आणि एलडब्ल्यूएन ही लिनक्सच्या बातम्यांची साइट, यांनीही त्याच दिवशी लिहिलं, म्हणजे ज्यांच्या फीड रीडरमध्ये हे दोन होते त्यांच्यापर्यंत ती आपोआप पोचली. समजावून सांगणारे व्हिडिओ मागाहून आले. त्यातले काही फार छान होते, पण ज्याला सर्व्हर सांभाळायचा असतो त्याला पहिल्या काही तासांचीच किंमत असते.

यूट्यूब मी टाकाऊ मानत नाही. लॅपटॉप किंवा फोन घ्यायचा असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही: स्क्रीन उन्हात कशी दिसते, कीबोर्ड किती दबतो हे वाचून कळत नाही. शिवाय मराठीत, हिंदीत ऐकायला मिळतं. पण फोनचे चार व्हिडिओ पाहिले की पुढे फोनच येत राहतात, आणि एक्सझेडसारखी गोष्ट तुम्ही शोधल्याशिवाय समोर येईलच असं नाही.

हॅकर न्यूज 2007 मध्ये पॉल ग्रॅहम यांनी सुरू केलं. वर नारिंगी पट्टी, खाली नुसता मजकूर, एका पानावर तीस दुवे. खरा ऐवज प्रतिक्रियांत असतो. एखाद्या डेटाबेसबद्दल चर्चा चालू असते आणि तो लिहिणारा माणूसच येऊन उत्तर देतो. गीक संस्कृती म्हणतात ती इथे कळते. एक्सझेडच्या वेळी सगळीकडे एकाच चित्राचा उल्लेख होता: एक्सकेसीडी या इंटरनेटवरच्या व्यंगचित्रमालिकेचं 2347 क्रमांकाचं चित्र. त्यात सगळ्या आधुनिक डिजिटल व्यवस्थेची उतरंड नेब्रास्कातल्या कुणा एकाने 2003 पासून बिनबोभाट सांभाळलेल्या एका बारीकशा ठोकळ्यावर उभी आहे. ते चित्र माहीत नसेल तर निम्मं बोलणं डोक्यावरून जातं. उणी बाजू अशी की वातावरण सिलिकॉन व्हॅलीचं आहे. यूपीआय किंवा आपला 2023 चा डेटा संरक्षण कायदा तिथे क्वचित भेटतो. आणि वेळ कसा जातो ते कळत नाही.

फीड रीडरचं नाव काढलं की लोक म्हणतात, आरएसएस (साइटवरचे नवे लेख रीडरपर्यंत पोचवणारी पद्धत) तर कधीच संपलं. संपलेलं नाही. पॉडकास्ट आजही त्याच्यावरच चालतात, आणि यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेललाही फीड असतो. साइटचा पत्ता रीडरमध्ये टाकायचा, की नवीन लेख तारखेच्या क्रमाने येत राहतात. मधे कुणी निवडणारा नाही. 1 जुलै 2013 ला गुगल रीडर बंद झाला, तेव्हा लोकांनी आपली साइटची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (अशा याद्या साठवायचा ठरलेला प्रकार) उतरवून घेतली आणि दुसऱ्या रीडरमध्ये टाकली. यादी तुमची राहते, हे मला फार मोलाचं वाटतं. आयफोन किंवा मॅकवर नेटन्यूजवायर फुकट आहे, अँड्रॉइडवर फीडली चालेल. अडचण सुरुवातीची: काय वाचायचं हेच माहीत नसेल तर रीडर रिकामा राहतो. आणि उत्साहात साठ साइट टाकल्या तर आठवड्यात न वाचलेल्याचा आकडा बघूनच माणूस तो उघडायचं सोडतो.

न्यूजलेटरबद्दल थोडक्यात: रोजचं एखादं घ्यायला हरकत नाही, पण पाच घेतली तर त्याच पाच बातम्या पाच वेळा वाचाल.

भाच्याला मी फीड रीडर घ्यायला सांगितलं, आणि त्यात फक्त पाच गोष्टी: आर्स टेक्निका, एलडब्ल्यूएन, भारतातल्या धोरणांसाठी मीडियानामा, एक्सकेसीडी आणि त्याच्या आवडीचं एक यूट्यूब चॅनेल. हॅकर न्यूज संध्याकाळी एकदा, अमेरिकेत सकाळ होऊन चर्चा रंगात येते तेव्हा, आणि तेही पहिलंच पान. एलडब्ल्यूएनचे ताजे लेख आधी वर्गणीदारांना मिळतात, बाकीच्यांना थोडं थांबावं लागतं. विद्यार्थ्याला तेवढं थांबणं परवडतं. नोकरीत लिनक्स सर्व्हर हाताखाली आले की मात्र पहिली वर्गणी त्याचीच भर, असं त्याला सांगून ठेवलंय.