परभणीचा हवामान सल्ला बालाघाटावर किती कामाचा?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याची पीडीएफ येते. ज्याला ग्रुपची कटकट नको त्याने मेघदूत अॅप घ्यावं. हवामान विभागाचं हे अॅप 2019 साली आलं, फुकट आहे, मराठीत आहे, आणि त्यात जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मिळतो. मी दोन्ही वापरते. इथं फक्त हिवाळ्याबद्दल लिहिते, कारण थंडीत या सेवेचा जसा उपयोग होतो तसा मला दुसऱ्या कशाचाच झालेला नाही.

आमचं रान बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याचा घाट चढून वर आल्यावर, बालाघाटाच्या माळावर. वर केशर आंबा, खाली ओढ्याकाठी हरभरा आणि शाळू. आता सल्ल्यातला तक्ता बघा. अंदाज असतो बीड जिल्ह्याचा. म्हणजे गोदाकाठचं गेवराई, माजलगाव आणि डोंगरावरचं पाटोदा एकाच ओळीत. किमान तापमानाचा तो एकच आकडा धरून चाललं तर वरच्या माणसाची फसगत ठरलेली. माझ्या ओळखीतले बरेच जण तो आकडा बघतात आणि मोबाईल खिशात टाकतात. पुढचे रकाने कुणी वाचत नाही. खरा माल तिथं आहे.

ढगस्थितीचा रकाना बघा, मग वाऱ्याचा वेग. आभाळ निरभ्र आणि वारा मंद असेल तर जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराला लागते. म्हणून माळावरच्या आंब्यापेक्षा ओढ्याकाठचा हरभरा जास्त गारठतो. आम्ही दोन्हीकडं साधे थर्मामीटर टांगलेत. अशा रात्रींनंतर पहाटे खालचा पारा वरच्यापेक्षा तीन-चार अंशांनी खाली दिसतो. वारा वाहता असला की दोन्ही जवळजवळ सारखेच. माझे सासरे तक्ता वाचत नाहीत. संध्याकाळी अंगणात उभं राहून म्हणतात, “वारं पडलं गं, आज ओढ्याला हिव उतरणार.” तक्त्यातला वाऱ्याचा आकडा बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूनं असतो. फरक इतकाच, की तक्ता ते चार दिवस आधी सांगतो, आणि पिकाला थंडीपासून वाचवायला द्यायच्या रात्रीच्या पाण्याची पाळी लावायला मला तेवढेच दिवस लागतात. लाईट आठवड्यातून काही रात्रीच असते, ऐनवेळी कळून काय करणार?

आणखी एक गोष्ट. वेधशाळेचं तापमान मोजतात ते झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चारेक फूट वर. हरभऱ्याचं फूल असतं वीतभर उंचीवर. शांत रात्री तिथली हवा पेटीतल्या हवेपेक्षा आणखी गार असते. अंदाजात आठ अंश लिहिलं असेल तर फुलापाशी आठच असतील असं धरू नका.

‘थंडीची लाट’ या शब्दांचाही नेम समजून घ्या. सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी कमी झालं, किंवा पारा थेट 4 अंशांवर वा त्याखाली गेला, तरच हवामान विभाग लाट म्हणतो. डोंगराळ भागासाठी 0 अंशाची अट आहे, पण ती हिमालयासारख्या ठिकाणी लागू पडायची. आमचा बालाघाट डोंगर असला तरी त्या हिशोबात बसत नाही. त्यामुळं लाटेचा इशारा नाही म्हणून पिकाला धोका नाही असं होत नाही.

डिसेंबरच्या तोंडावर हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा दीर्घकालीन अंदाजही देतो. तो शक्यतेच्या भाषेत असतो: रात्री सरासरीपेक्षा उबदार राहण्याची शक्यता जास्त की कमी, थंडीच्या लाटेचे दिवस जास्त की कमी. तीन महिन्यांच्या सरासरीत एखादा कडक आठवडा सहज लपतो. मी तो वाचते, पण त्यावरून पाण्याची पाळी ठरवत नाही. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याची बातमी आली की मात्र मंगळवार-शुक्रवारचा सल्ला नक्की उघडते. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येऊन तिकडं पाऊस-बर्फ पाडणारं वादळी हवामान, पुढं सरकला की मागून उत्तरेचं कोरडं वारं खाली येतं आणि आपल्याकडं पारा उतरतो. उलट, वारं पूर्वेकडचं झालं की बंगालच्या उपसागराची ओल येते, आभाळ भरतं, रात्री उबदार होतात. तेव्हा थंडीची काळजी मिटते आणि आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे, भुरी आणि शाळूवर चिकटा यांची सुरू होते.

सल्ल्याचा मजकूर पीकवार आणि सरळ मराठीत असतो. थंडीत हलकं पाणी द्या, शेळ्या-करडं रात्री आडोशाला घ्या, हे वाचून लगेच कामाला लागता येतं. पाण्याचा गुण मी स्वतः बघितलाय: ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. बांधावर धूर करण्याचा मात्र आमच्या उताराच्या रानात फारसा उपयोग दिसला नाही, धूर ओढ्याकडं निघून जातो.

एका खाजगी अॅपवर मी आधी पैसे भरले होते. गावाच्या नावानं तासातासाचं तापमान दाखवायचं, दिसायला झकास. पण ओढ्याकाठचा आकडा आणि माळावरचा आकडा तेच, आणि पिकाबद्दल एक अक्षर नाही. बंद केलं.

परभणीच्या सेवेला मी पाचपैकी चार देईन. एक कापला तो घाटमाथ्यासाठी वेगळी ओळ नसल्याबद्दल. पाटोदा, अंबाजोगाईच्या उंच भागासाठी तक्त्यात एक रकाना वाढवला तर ही सेवा आमच्या रानापर्यंत खऱ्या अर्थानं पोहोचेल. तोवर अॅपमध्ये जिल्हा बीड निवडा, भाषा मराठी करा, आणि ढग-वाऱ्याचे रकाने वाचल्याशिवाय मोटार चालू करायचं ठरवू नका.