वेबएमचं लिंक कॉन्ट्रास्ट चेकर: तिसऱ्या आकड्यासाठी उघडावं असं टूल

लिंकचा रंग ठरवायला बसलं की क्लायंटला लोगोचाच रंग हवा असतो, डिझायनरला अंडरलाइन नको असते आणि डेव्हलपरला हा विषय आजच्या आज संपवायचा असतो. अंधेरीतला स्टुडिओ असो की लोअर परळमधली एजन्सी, शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा रंग लागतो. त्यापेक्षा वेबएमचं लिंक कॉन्ट्रास्ट चेकर सगळ्यांसमोर उघडावं. फुकट आहे, लॉगिन लागत नाही आणि कुणाच्या आवडीनिवडीत पडत नाही.

वेबएम हा अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीत १९९९ साली सुरू झालेला, वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठी, म्हणजे अ‍ॅक्सेसिबिलिटीवर काम करणारा गट. त्यांचं साधं कॉन्ट्रास्ट चेकर, म्हणजे दोन रंग टाकून त्यांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढायचं पान, या धंद्यातल्या बहुतेकांना माहीत असतं. शेजारचं लिंकवालं पान मात्र फारसं कोणी उघडत नाही, आणि परिच्छेदातल्या लिंकसाठी खरं कामाचं तेच आहे.

पानावर तीन रंग भरायचे: लिंकचा, बॉडी टेक्स्टचा आणि बॅकग्राउंडचा. हेक्स कोड (# ने सुरू होणारा रंगाचा क्रमांक) टाका, पिकरमधून निवडा किंवा स्लायडर सरकवून गडद-फिका करा. खाली तीन निकाल येतात. लिंक आणि बॅकग्राउंड, तसंच टेक्स्ट आणि बॅकग्राउंड, या दोन जोड्यांना डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय अ‍ॅक्सेसिबिलिटी निकषांच्या डबल-ए, म्हणजे मधल्या पातळीसाठी किमान ४.५:१ लागतं. अक्षर २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठं असेल, अथवा ठळक आणि साधारण १८.६६ पिक्सेलच्या वर असेल, तर ३:१ चालतं. आकडा वर ढकलून पास करायची सोय नाही, ४.४८ म्हणजे नापासच. पांढऱ्यावरचा #७७७७७७ करडा नेमका तिथेच अडकतो आणि एक पायरी गडद #७६७६७६ पास होतो.

तिसरा निकाल लिंक आणि तिच्या आजूबाजूच्या मजकुराचा. अंडरलाइन काढून टाकली आणि लिंक फक्त रंगावरून ओळखायची असेल, तर या दोघांत किमान ३:१ फरक हवा. साध्या चेकरमध्ये हा आकडा दिसतच नाही, म्हणून पांढऱ्यावर ९:१ मिळालं की लोक खूश होऊन पुढे जातात.

ब्राउझरचा मूळचा निळाच घ्या. मोझॅक ब्राउझरने १९९३ साली लिंकला निळा रंग आणि अंडरलाइन दिली, तीच रीत अजून चालू आहे. आजचा डिफॉल्ट निळा (आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, ०, ०, २३८) पांढऱ्यावर ९.४:१ देतो. झकास. पण काळ्या मजकुराशेजारी तो फक्त २.२३:१ भरतो. याचा अर्थ सगळ्यात जुना, सगळ्यांच्या ओळखीचा लिंकचा रंगसुद्धा अंडरलाइनशिवाय या कसोटीला उतरत नाही. ती अंडरलाइन जुनाट म्हणून काढणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतः टाकून बघावा.

आता गणित. टेक्स्टपेक्षा लिंक तिप्पट उजळ हवी आणि लिंकपेक्षा बॅकग्राउंड साडेचारपट. दोन्हींचा गुणाकार १३.५. म्हणजे पांढऱ्या पानावर बॉडी टेक्स्टचं स्वतःचं गुणोत्तर १३.५:१ च्या खाली असेल, तर दोन्ही अटी पाळणारा, टेक्स्टपेक्षा उजळ असा लिंकचा रंग अस्तित्वातच नसतो. असंख्य थीममध्ये टेक्स्टला #३३३३३३ दिलेला असतो. तो पांढऱ्यावर १२.६३:१. संपलं. निळा, हिरवा, किरमिजी, कुठलाही रंग घ्या आणि स्लायडर हवा तितका सरकवा, एक निकाल हिरवा झाला की दुसरा लाल होणारच. टूल हे कारण सांगत नाही, नुसतं नापास म्हणतं, आणि नवखा माणूस तासभर रंग शोधत बसतो. ही या पानाची मोठी उणीव. असा रंग मिळणं शक्य नाही, आधी टेक्स्ट गडद करा, एवढी एक ओळ तिथे असती तर बऱ्याच जणांची संध्याकाळ वाचली असती.

टेक्स्ट #२२२२२२ केला की पांढऱ्यावर १५.९:१ होतं आणि थोडी जागा मोकळी होते. तरी ती चिंचोळीच. (०, १०२, २०४) हा नेहमीचा सभ्य निळा पांढऱ्यावर ५.५७:१ मिळवतो, पण #२२२२२२ शेजारी २.८६:१ वर अडतो. टेक्स्ट आणखी गडद, (२६, २६, २६), केल्यावर तो ३.१३:१ ने सुटतो. शुद्ध काळा टेक्स्ट नको असणाऱ्यांनाही हा काळपट करडा सहसा खटकत नाही.

मुंबईत काम करताना खरी कसोटी भगव्याची. गणेशोत्सव मंडळ, सांस्कृतिक संस्था, मिठाईचं दुकान, निवडणुकीतला उमेदवार, कुणाचं ना कुणाचं तरी काम भगव्यात येतंच. (२५५, १५३, ५१) हा भगवा पांढऱ्यावर २.१३:१ एवढाच भरतो. त्यात लिंक लिहिली तर बॅनरवर शोभेल, वाचता येणार नाही. भगव्या बटणावर पांढरी अक्षरं टाकली तरी आकडा तोच, कारण जोडी तीच. स्लायडरने गडद करत (१९४, ६५, १२) च्या आसपास आलात की पांढऱ्यावर ५.१८:१ आणि #२२२२२२ शेजारी ३.०७:१, तिन्ही निकाल पास. फक्त तो आता भगवा राहिलेला नसतो, विटकरी झालेला असतो, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना ते पटवून देणं कुठल्याही टूलच्या आवाक्याबाहेरचं आहे. यावर बरा तोडगा म्हणजे भगवा अक्षरांना न देता पट्टीला द्यायचा. भगव्या पार्श्वभूमीवर #२२२२२२ अक्षरं ७.४७:१ मिळवतात, म्हणजे सगळ्यात कडक अशी ट्रिपल-ए पातळी. लोगोचा रंग जसाच्या तसा राहतो आणि परिच्छेदातल्या लिंक निळ्या ठेवायला कुणाची हरकत राहत नाही.

विटकरीबद्दल एक सावधगिरी. हे गुणोत्तर सर्वसाधारण दृष्टी गृहीत धरून काढलेलं असतं. ज्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यांना लालसर छटा आपल्याला दिसते त्याहून काळपट दिसते, त्यामुळे ३.०७ चा काठावरचा पास त्यांच्या डोळ्यांना नापास ठरू शकतो. निळ्याला हा त्रास होत नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या रेंडरिंग टॅबमध्ये दृष्टिदोषांचं अनुकरण करायची सोय आहे. लाल-नारिंगी लिंक मंजूर करण्याआधी तिथे पान बघून घ्यावं.

टूलचा आकडा कुठल्या उजेडातला, हेही लक्षात ठेवायला हवं. कॉन्ट्रास्टच्या सूत्रात दोन्ही रंगांच्या उजळपणात ०.०५ मिळवलेले असतात. स्क्रीनवर पडणाऱ्या भोवतालच्या प्रकाशाची ती तजवीज. एसी ऑफिसात ठीक आहे. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता दादरच्या उघड्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत कुणी तुमची साइट उघडली, तर हा हिशेब पार कोलमडतो. समजा ०.०५ च्या जागी ०.३ झाले. मग पांढऱ्यावरची ती विटकरी लिंक ५.१८ वरून २.८७ वर येते आणि लिंक-टेक्स्टमधला फरक ३.०७ वरून १.४३ वर. लिंक कशीबशी वाचता येईल, पण ती लिंक आहे हे कळणार नाही. अंडरलाइन मात्र तेव्हाही दिसते, कारण ती ओळखायला रंग लागत नाही.

आणखी एक अट टूल तपासत नाही. अंडरलाइनशिवायच्या लिंकला ३:१ पुरेसं धरताना, माउस वर नेल्यावर किंवा कीबोर्डने फोकस आल्यावर रंगाखेरीज दुसरी खूण दिसायला हवी, असं डब्ल्यूसीएजीच्या तंत्रात सांगितलं आहे. बहुतेक जण हॉव्हरला अंडरलाइन देऊन मोकळे होतात. फोनवर हॉव्हर नसतोच. मुंबईतला वाचक ट्रेनमध्ये फोनवरच वाचणार असेल तर ती खूण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून आमचं मत सरळ आहे: परिच्छेदातल्या लिंकला अंडरलाइन ठेवा, तिसऱ्या निकालाला जास्तीची खात्री समजा. मेन्यू, कार्डांची शीर्षकं, फुटरमधल्या याद्या इथे ती खुशाल काढा. तिथे जागेवरूनच लिंक कळते, आणि डिझायनरची हौस भागवायला तेवढी जागा पुरेशी आहे.

अंडरलाइन ठेवायची म्हटल्यावर मराठी साइटवर एक वेगळी पंचाईत होते, आणि वेबएमला तिची कल्पना असायचं कारण नाही. ‘पुढील पृष्ठ’ ही लिंक बघा. पु चा उकार आणि पृ ची ऋकाराची खूण दोन्ही अंडरलाइनच्या वाटेत येतात. ब्राउझर अक्षराला छेद जाऊ नये म्हणून तिथे रेघ तोडतो, आणि एका सरळ रेघेचे तीन-चार तुकडे होतात. हे तुटणं टेक्स्ट-डेकोरेशन-स्किप-इंक या गुणधर्मामुळे. तो बंद केला तर रेघ सलग येते, पण उकारातून आरपार जाते आणि पु चा प दिसू लागतो. तो उपाय करू नका. त्याऐवजी टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.२५ ते ०.३५ ईएम (अक्षराच्या आकाराच्या पटीतलं माप) ठेवून रेघ खाली उतरवा. उकार पूर्ण सुटणार नाहीत, तुकडे कमी होतील. रेघ उतरवली की खालच्या ओळीतल्या रफार, वेलांट्या, अनुस्वार तिला भिडतात, म्हणून लाइन-हाइट १.७ च्या आसपास न्यावी. नेमका आकडा फॉन्टप्रमाणे बदलेल. देवनागरीत वर शिरोरेषा, खाली अंडरलाइन, शब्द दोन रेघांत कोंडल्यासारखा दिसतो ही डिझायनरची तक्रार खोटी नाही. रेघ एक पिक्सेलची, थोडी फिकी आणि अक्षरापासून सुटी ठेवली की ते बरंच सुसह्य होतं.

फॉन्टच्या वजनाचाही टूलला पत्ता नसतो. मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेला मुक्ता हा मोफत फॉन्ट मराठी साइटवर सर्रास दिसतो. त्यात एक्स्ट्रा-लाइटपासून एक्स्ट्रा-बोल्डपर्यंत सात वजनं आहेत. त्यातली पातळ वजनं १६ पिक्सेलला घेतली की रेघा कडेच्या पिक्सेलमध्ये विरघळतात आणि रंग कोडमध्ये असतो त्याहून फिका उमटतो. चेकरमध्ये ४.६:१ आलं असेल तर रेग्युलरच्या खाली जाऊ नका.

बघून झालेल्या लिंकचा रंग बहुतेक जण विसरतात. टेंडरच्या याद्या, परिपत्रकं, अंकांच्या अनुक्रमणिका अशा पानांवर काय उघडून झालं हे कळणं फार उपयोगाचं, पण तिथे ‘जुनी झाली’ असं दाखवायला #९९९९९९ करडा देतात आणि तो पांढऱ्यावर २.८५:१ भरतो. आपोआप तपासणारी साधनं हे पकडत नाहीत, कारण वाचकाचा इतिहास चोरला जाऊ नये म्हणून ब्राउझर स्क्रिप्टला व्हिजिटेड लिंकचा खरा रंग सांगतच नाही. त्यामुळे हा रंग चेकरमध्ये हाताने टाकून बघायला लागतो. डिफॉल्ट जांभळा (८५, २६, १३९) पांढऱ्यावर ११:१ आहे. दुसरं काही सुचत नसेल तर तोच ठेवा. डार्क मोडचे तिन्ही रंगही वेगळे टाकून बघावे लागतात. (१८, १८, १८) बॅकग्राउंडवर डिफॉल्ट निळा जेमतेम २:१ असतो, म्हणजे काळ्यात काळा.

पर्याय आहेत. क्रोमचा स्वतःचा रंग-पिकर गुणोत्तर दाखवतो, पण फक्त बॅकग्राउंडशी. गुगलचं लाइटहाउस हे पान तपासायचं साधन फक्त रंगावर विसंबलेल्या लिंक शोधून देतं, पण साइट बांधून झाल्यावर. तोवर स्टाइल गाइड क्लायंटकडून मंजूर होऊन गेलेलं असतं. रंग ठरवायच्या टप्प्यावर तिन्ही आकडे एकत्र दाखवणारं हे पान त्यामुळे हाताशी असावं. ग्रेडियंट किंवा फोटोवरची लिंक मात्र इथे तपासता येत नाही. तिथे फोटोतला सगळ्यात वाईट ठिकाणचा रंग उचलून बॅकग्राउंड म्हणून टाकायचा.

बीकेसीत ऑफिस असलेल्या ब्रोकर आणि म्युच्युअल फंडवाल्यांची कामं घेणाऱ्यांना याची गरज आता जास्तच भासेल. सेबीने ३१ जुलै २०२५ च्या परिपत्रकाने आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना डिजिटल अ‍ॅक्सेसिबिलिटी बंधनकारक केली आहे, आणि ऑडिटर विचारतो तेव्हा ‘आम्हाला बरं दिसलं’ हे उत्तर चालत नाही. रंग पक्के झाले की चेकरची पर्मालिंक उचलून स्टाइल गाइडमध्ये त्या रंगाशेजारी चिकटवा. तिन्ही रंग त्या पत्त्यातच साठवलेले असतात, आणि उद्या कुणी ‘जरा फिका करून बघूया का’ म्हणालं, तर त्यालाच ती उघडून स्लायडर सरकवायला सांगता येतं.