वीज वाचवणारी डबी आणि आमचा हिवाळ्याचा हिशेब

घरखर्चाची वही मी लिहिते, त्यामुळे या प्रकरणातला मूर्खपणाही माझ्याच नावावर मांडायला हवा. हिवाळा तोंडावर आला की विजेचा रकाना फुगतो. गीझर जास्त वेळ चालतो, हीटर माळ्यावरून खाली येतो, दिवे लवकर लागतात. म्हणून मी दोन-तीन महिने आधीपासून थोडे थोडे पैसे बाजूला काढते. गेल्या वर्षी त्यातला जवळपास पाचवा हिस्सा मी एका डबीवर घातला.

मुठीत मावेल एवढी पांढरी डबी. सॉकेटमध्ये खोचायची, हिरवा दिवा लागला की काम सुरू, आणि बिल म्हणे तीस-चाळीस टक्क्यांनी खाली. जाहिरातीच्या व्हिडिओत एक माणूस मोटारीच्या वायरभोवती चिमट्यासारखं मीटर अडकवून दाखवत होता. डबी लावली की अँपिअरचा, म्हणजे वायरीतून वाहणाऱ्या प्रवाहाचा, आकडा झरकन उतरायचा. डोळ्यांनी दिसतंय म्हटल्यावर मी आणखी काय विचारणार होते?

पहिल्या महिन्याचं बिल खरंच कमी आलं. मी खरी फसले ती इथे. वहीत ‘बचत (डबी)’ असा नवा रकाना आखला आणि पुढच्या चार महिन्यांचे आकडे पेन्सिलीने भरूनही टाकले. त्या न झालेल्या बचतीच्या भरवशावर मुलांच्या खोलीसाठी दुसरा हीटर आणला. वर धाकट्या नणंदेला फोन करून डबीचं गुणगान केलं. माझ्या शब्दावर तिनेही एक मागवली.

ते बिल डबीमुळे उतरलंच नव्हतं. पंखे, एसी बंद झालेले आणि हीटर अजून लागायचा, असा तो मधला महिना. तो दरवर्षीच हलका जातो. मी तुलना केली ती आधीच्या महिन्याशी. गेल्या वर्षीचं त्याच महिन्याचं बिल फाइलमध्ये होतं, ते काढून दोन्हींचे युनिट शेजारी ठेवले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. वस्तू परत करायची मुदत तीस दिवस होती. ती त्या हलक्या महिन्यातच उलटून गेली. असल्या जाहिराती नेमक्या याच दिवसांत का दिसतात, याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे.

पुढचं बिल आलं ते दोन हीटरचं. पाकिटावरच्या नंबरवर फोन केला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, घरचं वायरिंग ओळखायला यंत्राला तीन महिने लागतात.” तीन महिने म्हणजे अख्खा हिवाळा! आणि मी तेही ऐकून घेतलं.

शेवटी नवऱ्याने एक सोपी गोष्ट केली. आमच्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि त्याच्याजवळ ३२०० असा आकडा छापलेला आहे. ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. फ्रिजसकट सगळं बंद केलं आणि फक्त २००० वॅटचा हीटर लावला. मी घड्याळ धरलं, तो मोजत होता. डबी लावून एका मिनिटात १०६. डबी काढून १०७. पुन्हा लावून १०७. हिरवा दिवा आपला निवांत जळत होता.

मग डबी उघडली. आत एक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग, आणि दिव्यापुरते दोन-तीन बारीक भाग. कपॅसिटर हे काही थोतांड नाही. मोटारीकडे जाणारा थोडा प्रवाह काहीच काम न करता नुसत्या येरझारा घालतो. कपॅसिटर तेवढा प्रवाह जागच्या जागी पुरवतो, म्हणून चिमट्यावरचा आकडा उतरतो. कारखान्यांना या येरझारांचा भुर्दंड पडू शकतो, म्हणून ते मोठे कपॅसिटर बसवतात. व्हिडिओत दिसलं ते खरं असू शकतं, पण घरचं मीटर साधारणपणे किती वॅट किती तास वापरले एवढंच मोजतं. आणि हीटर-गीझर म्हणजे नुसती तापणारी कॉइल, तिथे येरझारा जवळपास नसतातच. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण ०.४४ युनिट लागणारच. त्यातून वाचवायचं तर पाणी कमी घ्यायचं किंवा कमी तापवायचं.

पैसे परत मिळाले नाहीत. पार्सल आल्यावर रोख दिले होते, पावतीवर धड पत्ताही नव्हता, आणि तोवर तो नंबर लागेनासा झाला. पेन्सिलीचे आकडे मी खोडून टाकले. दुसऱ्या हीटरचा खर्च मात्र शाईतला होता.

नणंदेला फोन करायला मला चार दिवस लागले. सगळं ऐकून ती म्हणाली, “वहिनी, माझं बिल तर गेल्या वर्षीपेक्षा जास्तच आलंय. पण तू इतक्या खात्रीने सांगितलं होतंस, मला वाटलं मीच डबी चुकीच्या सॉकेटमध्ये लावलीय. तीन खोल्यांत फिरवून पाहिली मी ती.”