गोठलेला पाइप आणि बंद ठेवलेली केबिन : पाणी पुन्हा सुरू करण्याच्या पद्धतींची तुलना

जानेवारीतल्या सकाळी स्वयंपाकघरातला नळ उघडावा, त्यातून दोन थेंब पडावेत आणि पुढे काहीच येऊ नये, हा अनुभव अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात घर घेतलेल्या अनेकांना एखाद्या तरी हिवाळ्यात येतो. अशा वेळी बर्फ लवकरात लवकर कसा वितळवायचा, हेच सगळे विचारतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. बर्फ सुटला आणि पाइप फुटलेला निघाला, तर पाणी कोण आणि किती वेळात बंद करणार, हा पहिला. शहरातले राहते घर असो की उत्तरेकडच्या तळ्याकाठी सहा महिने बंद ठेवलेली केबिन असो, खालील पद्धतींची तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते; परंतु पाइप बहुधा बर्फ जमला त्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा पुढच्या पाण्याला बंद नळाच्या दिशेने रेटतो, दोहोंमध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि त्या टापूतली सर्वांत कमकुवत जागा निकामी होते. तांब्याचा पाइप असेल तर तो शेंग उकलावी तसा लांबीत उकलतो. पेक्सचा, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचा पाइप थोडा ताणला जाऊन बहुधा वाचतो, पण त्याचे जोड वाचतीलच असे नाही. बर्फ असेपर्यंत तोच बुचाचे काम करतो, म्हणून गळती दिसत नाही. ती दिसते पाणी सुरू झाल्यावर, आणि तेव्हा आपण ‘सुटले एकदाचे’ म्हणून चहा करायला गेलेलो असतो.

बर्फ वितळवताना नळ उघडा ठेवायचा, याबद्दल दुमत नाही. त्यामुळे कोंडलेला दाब सुटतो. मेन व्हॉल्व्ह, म्हणजे घरात येणारे सगळे पाणी बंद करणारी चावी, मात्र उघडी ठेवावी की बंद, यावर मतभेद आहेत. व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर वाट मोकळी होताच वाहते पाणी उरलेला बर्फ भराभर वितळवते, हे खरे आहे. तरीही गोठलेला भाग पूर्णपणे डोळ्यांसमोर असेल, तरच मी तो उघडा ठेवीन. पाइप भिंतीआड किंवा छताआड असेल तर मेन बंद करावा, बर्फ सावकाश वितळू द्यावा आणि नंतर एकाने व्हॉल्व्हपाशी उभे राहून तो पाव फेरा उघडावा.

आता साधनांकडे वळू. हेअर ड्रायर दिसायला किरकोळ वाटतो, पण आकडेमोड त्याच्या बाजूने आहे. अर्ध्या इंची तांब्याच्या एक मीटर पाइपमध्ये जेमतेम दीडशे मिलिलिटर पाणी मावते. तेवढा बर्फ वितळवायला ५० किलोज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा लागते, आणि १,५०० वॉटचा ड्रायर तेवढी ऊर्जा अर्ध्या मिनिटात बाहेर टाकतो. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास लागतो, कारण बहुतेक उष्णता हवेत जाते आणि बर्फ नेमका कुठे आहे हे शोधण्यातही वेळ जातो. म्हणजेच शक्ती कमी पडत नाही, कमी पडतो तो धीर. पाइपवर बोटे फिरवत गेल्यास एका ठिकाणी गारठा एकदम वाढतो आणि तांब्यावर पांढुरके दहिवर दिसते. सुरुवात मात्र तिथून करू नये. नळाच्या बाजूने सुरू करून बोळ्याकडे सरकावे, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. प्लॅस्टिकच्या पाइपसाठी ड्रायर वीतभर लांब धरून सतत हलवत ठेवावा, कारण पीव्हीसीची मर्यादा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि सीपीव्हीसीची ८२ अंशांच्या आसपास असते. ड्रायर उपलब्ध नसेल तर गरम पाण्यात पिळलेले टॉवेल हेच काम अधिक सौम्यपणे करतात, फक्त ते दर काही मिनिटांनी बदलावे लागतात. साचलेल्या पाण्यात उभे राहून ड्रायर वापरू नये, हे सांगायला नकोच.

पाइप दिसत नसेल तर ड्रायरचा उपयोग नाही. तिथे खोलीच गरम करावी लागते: सिंकखालच्या कपाटाची दारे उघडावीत, घराचे तापमान वाढवावे आणि गरज वाटल्यास विजेचा हीटर पडदे, लाकूड व कागदांपासून किमान एक मीटर दूर ठेवून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडावा, एक्स्टेंशन कॉर्डला नव्हे. या पद्धतीला कित्येक तास लागतात, पण भिंत फोडण्यापेक्षा ती स्वस्त पडते. मात्र जमिनीखालच्या अरुंद पोकळीत, म्हणजे क्रॉल स्पेसमध्ये, हीटर लावून झोपायला जाणे हा धोका मी कोणालाही घेऊ देणार नाही.

ब्लोटॉर्चबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ज्योतीने भिंतीतले लाकूड पेटते, जोडांचे डाख वितळतात, आणि दोन्हीकडून बर्फाने कोंडलेल्या पाण्याची वाफ झाली तर पाइपचा स्फोट होऊ शकतो. वेल्डिंग मशीनचा प्रवाह धातूच्या पाइपमधून सोडून बर्फ वितळवण्याची जुनी पद्धत अजूनही कुठे कुठे ऐकू येते. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नसल्याने तिथे ती निरुपयोगीच आहे. धातूच्या पाइपमध्ये प्रवाह भलत्याच वाटेने, प्रसंगी शेजारच्या घरातही शिरू शकतो आणि त्यातून आगी लागल्या आहेत.

प्लंबरला कधी बोलवावे? घरातला एकच नळ बंद असेल तर दोष स्थानिक असतो आणि तो आपल्या आवाक्यातला असतो. सगळेच नळ बंद असतील, तर बर्फ मीटरपाशी किंवा रस्त्याकडून येणाऱ्या जमिनीखालच्या पाइपमध्ये असण्याची शक्यता मोठी. मिनेसोटाच्या बांधकाम नियमांत पायासाठी गोठणरेषेची खोली दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच धरली जाते, यावरून थंडी जमिनीत किती खोल उतरते याची कल्पना येईल. तिथवर ड्रायरची ऊब पोहोचत नाही. प्लंबर पाइपमध्ये बारीक नळी सरकवत टोकाशी गरम पाणी सोडणारे यंत्र आणतो, आणि ते प्लॅस्टिकच्या पाइपमध्येही चालते. कडाक्याच्या आठवड्यात तो दोन दिवसांनी येतो, म्हणून आधी शेजाऱ्याच्या नळाला पाणी आहे का हे विचारावे. त्याचेही बंद असेल तर फोन प्लंबरऐवजी पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला करावा.

बंद केबिनचे गणित वेगळे आहे. तिथे बर्फ नसतो, कारण पाणीच नसते. निदान तसे आपण समजून असतो. आमच्या चार कुटुंबांच्या सामाईक केबिनमध्ये एका ऑक्टोबरात आम्ही सगळे पाइप रिकामे केले, पण बाहेरच्या शॉवरच्या व्हॉल्व्हची मूठ बंदच राहिली आणि त्याच्या मागे पेलाभर पाणी अडकले. एप्रिलमध्ये विहिरीचा पंप सुरू केला, सगळे नळ छान वाहू लागले, पण नळ बंद केल्यावरही पंप काही केल्या थांबेना. दहा मिनिटांनी क्रॉल स्पेसमध्ये डोकावलो तेव्हा चिखल झाला होता. फट नखाएवढी होती.

तेव्हापासून मी पाणी भरण्यापूर्वी हवेने चाचणी करण्याच्या बाजूचा आहे. कॉम्प्रेसर जोडून ३०-४० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक) इतक्या दाबापर्यंत हवा भरावी, व्हॉल्व्ह बंद करावा आणि दाबमापकाचा काटा बघत राहावे. काटा उतरला तर कुठेतरी फुसफुस ऐकू येते, आणि संशयित जोडावर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. गळते ती हवा, त्यामुळे फरशी, भिंत, इन्सुलेशन सगळे कोरडे राहते. तांबे आणि पेक्स यांना ही पद्धत योग्य आहे. पीव्हीसी व सीपीव्हीसीला ती वापरू नये, कारण हवेच्या दाबाखाली ते तुकडे उडवत फुटू शकतात. ज्यांच्याकडे असे पाइप आहेत किंवा कॉम्प्रेसर नाही, त्यांनी पाण्यानेच, पण टप्प्याटप्प्याने चाचणी करावी. कमोडचे व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप एकदा पूर्ण दाबापर्यंत चालू द्यावा, मग त्याचा ब्रेकर पाडावा आणि पंधरा मिनिटे काटा पाहावा. काटा जागचा हलला नाही, तर पाइप शाबूत आहेत असे मानायला हरकत नाही.

केबिन एप्रिलऐवजी भर हिवाळ्यात, म्हणजे नाताळच्या सुट्टीत उघडावी का, हा निर्णय अधिक अवघड आहे. माझे मत नकाराकडे झुकते, निदान दोन रात्रींसाठी तरी नाही. खोलीतली हवा तीन-चार तासांत उबदार होते आणि माणूस फसतो. भिंतींच्या पोटातला आणि जमिनीखालचा गारठा जायला पूर्ण दिवस लागतो. विहिरीतून ७-८ अंशांचे पाणी अशा थंडगार पाइपमध्ये सोडले तर ते तिथेच गोठू शकते. जायचेच असेल तर आदल्या दिवशी कोणीतरी जाऊन फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी भट्टी, सुरू करावी, सिंकखालच्या कपाटात थर्मामीटर ठेवावा आणि तो १० अंशांच्या वर गेल्याशिवाय पाण्याला हात लावू नये. शिवाय निघताना पाइप रिकामे करण्याचा सगळा उपद्व्याप पुन्हा करावा लागतो. दोन दिवसांसाठी बाटल्यांतले पाणी नेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

नळातून थेंब थेंब पाणी वाहते ठेवावे, हा सल्ला शहरात चांगला आहे. सेप्टिक टाकी असलेल्या केबिनमध्ये तो उलटतो. बारीक धार टाकीकडे जाणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपमध्ये थराथराने गोठत जाते आणि शेवटी तो पाइपच बंद पडतो. शहरातून आलेली मंडळी इथे हमखास चुकतात.

ऋतू कोणताही असला तरी वॉटर हीटर शेवटी सुरू करावा. विजेच्या हीटरची टाकी पूर्ण भरण्याआधी बटण दाबले, तर आतली कॉइल काही क्षणांत जळते. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा. आधी तो खाकरतो, हवा आणि गढूळ पाणी थुंकतो, आणि धार अखंड झाली की मगच वीज द्यावी. सिंकच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपमध्ये, तिथले पाणी गोठू नये म्हणून ओतलेले गुलाबी अँटिफ्रीझ प्रोपिलिन ग्लायकॉलचे असेल तर ते वाहून जाऊ द्यायला हरकत नाही. गाडीतले, एथिलिन ग्लायकॉलचे, विषारी असते आणि ते घराच्या नळकामात कधीच वापरू नये. नळांच्या तोंडावरच्या जाळ्या पाणी सोडण्याआधीच काढाव्यात, नाहीतर गंजाचे कण तिथे अडकतात. महिनोन्‌महिने साचलेल्या पाण्यात तुषारांतून श्वासात जाऊन फुफ्फुसांचा गंभीर आजार करणारा लेजिओनेला जिवाणू वाढू शकतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात आलेल्या साथीनंतर तो ओळखला गेला. त्यामुळे हीटर ६० अंशांवर नेऊन प्रत्येक नळ काही मिनिटे वाहू द्यावा आणि शॉवर सोडताना तुषारांसमोर उभे राहू नये. त्या तापमानाला हात भाजतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि नंतर तापमान उतरवावे.

पाइप पुन्हा गोठू नये म्हणून त्यावर तापणारी केबल बसवायची असेल, तर स्वतःचे तापमान स्वतः राखणारी केबल घ्यावी. साधी केबल स्वतःवरच आडवी गेली तर त्या जागी जळते. वीज गेली की दोन्ही निरुपयोगी ठरतात, त्यामुळे वारंवार वीज जाणाऱ्या भागातल्या केबिनला पाइप रिकामे करणेच परवडते. राहत्या घरात मात्र प्रवासाला जातानाही फर्नेस १३ अंशांवर, म्हणजे ५५ फॅरनहाइटवर चालू ठेवून मेन बंद करावा. बहुतेक विमा पॉलिसींत घर गरम ठेवण्याची किंवा पाणी काढून टाकण्याची अट असते, आणि ती पाळली नाही तर भरपाई नाकारली जाऊ शकते. तेव्हा निघण्यापूर्वी थर्मोस्टॅटचा आणि बंद केलेल्या व्हॉल्व्हचा तारखेसह फोटो काढून ठेवावा.