माझ्याच स्प्रिंगा कापून, रंगवून मलाच विकल्या

पिंपरी-चिंचवडमधील एका गॅरेजने माझ्या हॅचबॅकची उंची 30 मिलिमीटरने कमी करण्यासाठी परदेशी बनावटीच्या चार स्प्रिंगांचे 24,500 आणि मजुरीचे 3,500 रुपये सांगितले, जुन्या स्प्रिंगा ठेवून घेण्याचे 2,000 रुपये वजा केले आणि पक्के बिल न घेतल्यास जीएसटी वाचेल असे पटवून यूपीआयने 26,000 रुपये घेतले. त्या 2,000 रुपयांपाशीच मी थांबायला हवे होते. चार जुन्या स्प्रिंगांना भंगारात पाचशे रुपयेही येत नाहीत, मग हा गृहस्थ दोन हजार कशापायी सोडतो आहे? घासाघीस जिंकल्याच्या आनंदात मी मात्र समोरच्या टपरीवर चहा पीत बसलो. अर्थात सीलबंद खोके आणि त्यावरचा पार्ट नंबर दाखवल्यावर कोणीही विश्वासच ठेवला असता.

गाडी खड्ड्यातून निघाली की पुढून खटखट ऐकू येई आणि प्रत्येक गतिरोधकावर बम्प स्टॉप, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबरी ठोकळा, आपटत असे. ‘नवीन स्प्रिंग बसायला वेळ लागतो’ हे गॅरेजवाल्याचे उत्तर अर्धे खरे असल्यामुळेच मी ते मानले. टायरची आतली कड झिजल्यावर दुसऱ्या मेकॅनिकने स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा जोड) उतरवला, तेव्हा लाल रंगाखाली कंपनीच्या रंगखुणा आणि ग्राइंडरने कापलेले टोक दिसले. स्प्रिंगेच्या दबणाऱ्या सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, शिवाय चाक लोंबकळताच ती बैठकीतून सैल होते. खटखट त्याचीच होती. स्प्रिंगा, पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, दोन टायर, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून आणखी 24,700 रुपये गेले.

जुन्या स्प्रिंगा डिकीत टाकूनच घरी न्या.

पोलीस चौकीत ‘हा दिवाणी मामला आहे’ असे सांगून अर्जाची पोचही दिली नाही. परिवहन कार्यालयातल्या साहेबांनी तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 दाखवून बेकायदा बदलाचा 5,000 रुपये दंड मलाच होऊ शकतो, असे ऐकवले. उघड्यावर असे बदल करून देणारी दुकाने त्यांना दिसत नाहीत, चोरी झालेला माणूस तेवढा दिसतो. ग्राहक मदतवाहिनीने दुकानदाराचे उत्तर न आल्याचे कारण देऊन तक्रारच बंद केली, म्हणजे गप्प बसणे हाच त्याचा बचाव ठरला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, म्हणून तिथे अर्ज केला आहे; बिल नसल्याने यूपीआयच्या नोंदीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दरपत्रकावर सारी भिस्त आहे. म्हणून जीएसटी वाचवू नका. काम करण्यापूर्वी आणि नंतर, सपाट जमिनीवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवा, आणि खोके तुमच्यासमोरच फोडायला लावा.

ज्यांनी याच भागात लाल स्प्रिंगा बसवून घेतल्या आहेत, त्यांनी गाडी जॅकवर घेऊन स्प्रिंग हाताने हलवून पाहावी. ती बैठकीत फिरली, तर त्यांचेही खोके रिकामेच असण्याची शक्यता आहे.