कोकमतेलाचा गोळा: अंगावर पाजणाऱ्या आईने कसा निवडावा, कसा लावावा

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या आठवडी बाजारांत पांढरट-करड्या रंगाचे, हाताने वळलेले गोळे विकायला असतात. कोकमाच्या बियांचं हे तेल. कुठे त्याला मुठेल म्हणतात, गोव्याकडे भिरंडेल. टाचांच्या भेगा, फुटलेले ओठ, बाळंतिणीच्या पोटाची कोरडी कातडी, सगळ्याला तेच लावलं जातं. बाळ अंगावर पीत असेल तर महागड्या ‘हर्बल’ क्रीमपेक्षा आम्ही हाच गोळा सुचवू. त्यात एकच वस्तू असते आणि ती खाण्यातली असते. मात्र गोळा पारखून घ्यावा लागतो.

बिया वाळवून, फोडून, वाटून पाण्यात उकळतात आणि वर तरंगलेलं तेल गार झालं की वळतात. खोट राहते ती इथेच. आत पाणी अडकलं तर पावसाळ्यात गोळ्याला आतून बुरशी धरते, बाहेरून तो कोरडाच दिसतो. म्हणून विकत घेतानाच फोडून बघा. काळे-हिरवे ठिपके, ओलसरपणा किंवा खवट वास असला तर घेऊ नका. चांगल्या कोकमतेलाला वास जवळजवळ नसतोच. अत्तरासारखा दरवळ आला तर त्यात काहीतरी घातलंय. ते साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे तुकडा तळहातावर ठेवल्या ठेवल्या ओघळत नाही, चोळल्यावर हळूहळू मऊ पडतो. लगेच पाणी झालं तर दुसरी चरबी मिसळल्याचा संशय घ्यावा. फळं एप्रिल-मेची, म्हणून हंगाम सरता सरता आलेला गोळा सगळ्यात ताजा.

टाचेला गोळा तसाच घासला तरी चालतो, स्तनाग्राला नाही. तो कडक असतो, चिरलेल्या कातडीवर ओरखडे काढतो. त्यासाठी 20 ग्रॅम कोकमतेल आणि 60 ग्रॅम घाण्याचं खोबरेल स्टीलच्या वाटीत घ्यावं आणि वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवावं. थेट आचेवर नको. मग दहा मिनिटं न हलवता ठेवलं की पाणी आणि गाळ तळाशी बसतात. वरचं तेल कोरड्या मलमलीतून गाळून, उकळून पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बरणीत भरावं. मे महिन्यात फार पातळ वाटलं तर खोबरेल 40 ग्रॅमच घ्या. गार होताना ते रवाळ होतं, तो दोष नाही. बरणीत ओलं बोट गेलं की मात्र टिकत नाही.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून 24 तास थांबा. खाज, लाली नसेल तर पुढे जा. बाळाचं पिणं झाल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब स्तनाग्रावर वाळू द्यावेत, मग ज्वारीच्या दाण्याएवढं मलम पातळ पसरावं. पुढच्या पाजण्याआधी मऊ, ओल्या फडक्याने जादाचं टिपून घ्या; बाळाच्या पोटात कणभर गेल्याने काही होत नाही, पण निसरड्या जागी त्याची पकड सुटते. साबण लावू नका, त्याने कातडी आणखी सुकते.

हे तेल कातडीचा ओलावा धरून ठेवतं, त्यापलीकडे काही करत नाही. चिरा बहुतेकदा चुकीच्या पकडीमुळे पडतात. बाळाच्या तोंडात फक्त बोंड न जाता भोवतालचा काळसर भागही बराचसा जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. ही पकड सुधारली नाही तर कुठलंही मलम हरतं. पाजून झाल्यावरही आग होत राहते, स्तनाग्र चकचकीत गुलाबी दिसतं, बाळाच्या जिभेवर न पुसले जाणारे पांढरे डाग आहेत, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी उपचार आई-बाळ दोघांनाही लागतो. श्रावणाच्या दमट हवेत, ओल्या ब्लाउजखाली जाड थर दिला तर अशा बुरशीचं फावतंच. ताप, थंडी आणि स्तनावर लाल, टणक, दुखरा पट्टा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि त्यांनी मना केलं नसेल तर पाजणं थांबवू नका.

खरा धोका गोळ्यात नाही, त्यात घरी मिसळल्या जाणाऱ्या वस्तूंत आहे. खाजेवर खोबरेलात कापूर घालायची आपल्याकडे सर्रास सवय. कापूर बाळाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून स्तनाला, छातीला आणि बाळाच्या अंगाला तो नकोच. अमृतधारेत कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल असतं, तीही याच यादीत. कंबरदुखीचा बाम लावला तर हात साबणाने धुऊनच बाळाला घ्यावं. मध एक वर्षाखालच्या बाळाला वर्ज्य, तेव्हा स्तनाग्रालाही लावू नये. टाचेच्या भेगांना बिब्बा किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावतात; दोन्हींनी भाजल्यासारखे फोड येतात आणि हाताला लागलेलं बाळाच्या गालापर्यंत पोचतं. सुट्या हळदीत रंगासाठी शिशाची भेसळ सापडलेली आहे, तेव्हा लेपाला सुटी हळद नको. शेंदूर घातलेलं मलम कितीही जुन्या पाठाचं (कृतीचं) असलं तरी नको. शेंदूर म्हणजे शिसंच.

तयार आयुर्वेदिक मलम घ्यायचं असेल तर डबीवर घटकांची यादी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली हवी. ‘गुप्त पाठ’ सांगणाऱ्याकडून, बिनलेबलाच्या डबीतून काही घेऊ नका. औषधाने त्रास झालाच तर डबी टाकून न देता डॉक्टरांना दाखवा आणि 1800-180-3024 या सरकारी मोफत क्रमांकावर कळवा.