जेबॉस ईएपी की वेबलॉजिक? खोक्यात काय आहे आणि कशावर चालतं, ते बघूनच ठरवा

रेड हॅटचं जेबॉस ईएपी आणि ऑरॅकलचं वेबलॉजिक हे दोन ॲप सर्व्हर, म्हणजे कंपन्यांची मोठी जावा ॲप ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर. सध्या बऱ्याच टीम एकाच जागी अडकल्यात. जुनं ॲप, जावा ८, खाली आरएचईएल ७ (रेड हॅटचं लिनक्स) किंवा त्याचं फुकट रूप सेंटओएस ७, वर वेबलॉजिक १२.२.१.४ नाहीतर जेबॉस ईएपी ७. ३० जून २०२४ ला ओएसचा सपोर्ट संपला, तेव्हापासून ऑडिटवाले मागे लागलेत, आणि ओएस हलवायचाच आहे तर ॲप सर्व्हर पण बघू म्हणून कोणीतरी एक्सेल उघडतो आणि फीचर्सचं टेबल करायला घेतो. ते टेबल करू नका. सर्व्हलेट (वेब रिक्वेस्ट हाताळणारा कोड), ईजेबी (बिझनेस लॉजिकचे घटक), जेएमएस (मेसेजच्या रांगा, म्हणजे क्यू), क्लस्टरिंग (अनेक सर्व्हर मिळून चालणं), ॲडमिन कन्सोल, सगळ्या रकान्यांत "आहे" असंच येणार, कारण हे सगळे सर्व्हर जावा ईई या एकाच स्पेसिफिकेशनवर बांधलेत. खरा प्रश्न एवढाच की तुमचा आत्ताचा कोड जसाच्या तसा ठेवून कुठल्या जेडीकेपर्यंत (म्हणजे जावाच्या व्हर्जनपर्यंत) आणि कुठल्या ओएसवर जाता येतं, आणि तिथं गेल्यावर ते कॉम्बिनेशन व्हेंडरच्या यादीत आहे का. चालणं वेगळं आणि रात्री दोनला केस टाकली तर कोणी हात लावणं वेगळं.

सगळ्यात मोठी भिंत जावाएक्स आणि जकार्ताची. जावा ईईचंच नाव पुढे जकार्ता ईई झालं, डिसेंबर २०२० मध्ये जकार्ता ईई ९ आलं आणि पॅकेजची नावंच बदलली, जावाएक्स डॉट सर्व्हलेट होतं ते जकार्ता डॉट सर्व्हलेट झालं. स्वतःच्या कोडमध्ये फाइंड-रिप्लेस मारून होतं, एक्लिप्स ट्रान्सफॉर्मरसारखी टूल्स पण आहेत, पण तुम्ही वापरत असलेली प्रत्येक लायब्ररी पण त्या बाजूला यायला लागते आणि घोडं इथंच पेंड खातं. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलेली रिपोर्टिंगची जार (तयार लायब्ररीची फाइल), तिचा सोर्स नाही, कंपनी बंद पडलेली, ती कोण बदलणार.

या भिंतीच्या कुठल्या बाजूला कोण उभं आहे ते बघा म्हणजे अर्धा निर्णय झालाच. ईएपी ७.४ जावाएक्सवालं, जेडीके ८, ११ आणि १७ वर चालतं. ईएपी ८.० फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, ते सरळ जकार्ता ईई १०, जुनं पॅकेज घेतच नाही. ८.१ ला तर जेडीके ११ पण चालत नाही, १७ किंवा २१ च लागतं. वेबलॉजिक १४.१.१ जावा ईई ८, जेडीके ८ आणि ११. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं १४.१.२, आणि हे जरा नीट बघण्यासारखं आहे, कारण ते अजून जावा ईई ८ वरच आहे म्हणजे कोड जावाएक्सचाच राहतो पण जेडीके मात्र १७ आणि २१. जकार्ता ईई ९.१ हवं असेल तर २०२५ मध्ये आलेलं १५.१.१ आहे.

म्हणजे ऑरॅकलने दोन उड्या वेगळ्या केल्या, आधी जावा बदला, मग सवडीने पॅकेज बदला. रेड हॅटवाल्यांना ७.४ वर जेडीके १७ पर्यंत जाता येतं, पण ईएपी ७ चा मेंटेनन्स सपोर्ट जून २०२५ ला संपला, पुढे राहायचं तर एक्स्टेंडेड सपोर्ट वेगळे पैसे मोजून घ्यायचा. नाहीतर ८ वर जा आणि पॅकेज, हायबरनेट (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी), सिक्युरिटी सगळं एका फटक्यात बदला. मोठा जुना कोड असलेल्यांसाठी हा फरक माझ्या मते बाकी सगळ्या मुद्द्यांपेक्षा जड आहे, आणि सेल्सच्या प्रेझेंटेशनमध्ये तो कधीच नसतो.

आता खोक्यात काय काय येतं ते.

ईएपी म्हणजे मुळात वाइल्डफ्लाय या फुकट ओपन सोर्स सर्व्हरचं पॉलिश केलेलं, सपोर्ट असलेलं रूप. ७.४ वाइल्डफ्लाय २३ वरून आलं, ८.० वाइल्डफ्लाय २८ वरून. आतले सगळे भाग ओपन सोर्स आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव, वेब सर्व्हर अंडरटो, मेसेजिंग ॲक्टिव्हएमक्यू आर्टेमिस, कॅशे इन्फिनिस्पॅन, क्लस्टरची बोलाचाली जेग्रुप्स, ट्रान्झॅक्शन नारायणा, सीडीआय (कोडचे घटक एकमेकांना जोडणं) वेल्ड, रेस्ट (वेब एपीआय) साठी रेस्टईझी, सिक्युरिटी एलिट्रॉन, आणि अर्थात हायबरनेट. याचा फायदा असा की काही फुटलं तर स्टॅकट्रेसमधलं (एररच्या लॉगमधलं) नाव घेऊन शोधलं की त्या प्रोजेक्टचा सोर्स आणि बग लिस्ट दोन्ही उघड्यावर मिळतात. नवीन आलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, साध्या स्टँडअलोन प्रोफाइलमध्ये (कॉन्फिगच्या एक्सएमएल फाइलमध्ये) मेसेजिंग नसतं, ते फुल प्रोफाइलमध्ये असतं, आणि क्लस्टर हवा असेल तर एचए (हाय अव्हेलेबिलिटी) वालं प्रोफाइल, दोन्ही हवं तर फुल-एचए. चुकीच्या एक्सएमएलने सर्व्हर चालू केला की जेएमएसचा क्यू सापडत नाही म्हणून लोक अख्खा दिवस कोड बघत बसतात.

७.४ ला जेडीके १७ वर न्यायचं असेल तर जुनी पिकेटबॉक्स सिक्युरिटी तिथं चालत नाही, त्यासाठी सोबतच एक सीएलआय (कमांड लाइन) स्क्रिप्ट दिलेली असते, ती चालवली की कॉन्फिग एलिट्रॉनवर वळतं. ८ मध्ये तर पिकेटबॉक्स काढूनच टाकलंय, पासवर्ड ठेवायचा जुना व्हॉल्ट पण गेला, आता क्रेडेन्शियल स्टोअर. लॉगिन मॉड्यूल स्वतः लिहिलेलं असेल तर ते काम वेगळं धरा.

हायबरनेट ५ वरून ६ हा मात्र खरा डोक्याला ताप. जुनं हायबरनेटचं स्वतःचं क्रायटेरिया एपीआय (क्वेरी लिहायची पद्धत) ६ मध्ये काढून टाकलंय, ते निदान कंपाइल करतानाच ओरडतं. पण सिक्वेन्सचं (डेटाबेसमधला आयडी देणारा काउंटर) बघा, आधी नाव दिलं नसेल तर सगळ्या टेबलांना मिळून हायबरनेट_सिक्वेन्स नावाचा एकच सिक्वेन्स वापरला जायचा, आता प्रत्येक एन्टिटीला (टेबलाशी जोडलेल्या क्लासला) तिच्या नावाचा वेगळा सिक्वेन्स शोधला जातो. कंपाइल व्यवस्थित होतं, डिप्लॉय पण होतं, आणि पहिलं इन्सर्ट झालं की सिक्वेन्स नाही म्हणून बोंब. जुन्या नावांची पद्धत परत लावायची सेटिंग आहे, ती आधीच लावून ठेवा.

पॅचिंग पण बदललंय. ७ मध्ये झिप आणून सीएलआयने पॅच लावायचो, ८ मध्ये इन्स्टॉलेशन मॅनेजर आहे, तो मेव्हन रिपॉझिटरीतून (लायब्ररींच्या नेटवरच्या कोठारातून) अपडेट ओढतो. ज्यांच्या सर्व्हरला इंटरनेटच नाही, म्हणजे बहुतेक सगळ्या बँका, त्यांनी ऑफलाइनसाठी अख्खी रिपॉझिटरी झिप करून आत न्यायची. अवघड नाही, पण चेंज रिक्वेस्टची जुनी पद्धत बदलायला लागते आणि बँकेत ते कामापेक्षा मोठं असतं.

वेबलॉजिक २००८ मध्ये बीईए कंपनीकडून ऑरॅकलकडे आलं. यातले बरेच भाग घरचेच, ईजेबी कंटेनर स्वतःचा, जेएमएस स्वतःचं, पर्सिस्टन्ससाठी एक्लिप्सलिंक, रेस्टसाठी जर्सी, सर्व्हर उठवायला-पाडायला नोड मॅनेजर, स्क्रिप्टिंगला डब्ल्यूएलएसटी. जेएमएस खरंच दणकट आहे हे मान्य करावंच लागतं, फाइल स्टोअर किंवा डेटाबेस स्टोअर, डिस्ट्रिब्युटेड क्यू, स्टोअर-अँड-फॉरवर्ड, एक मॅनेज्ड सर्व्हर पडला तर त्याची जेएमएस सर्व्हिस दुसऱ्यावर नेणं, सगळं वर्षानुवर्षं घासून घासून गुळगुळीत झालंय. पण तुम्ही त्यातली खास फीचर्स वापरलीत, उदाहरणार्थ युनिट-ऑफ-ऑर्डर (ठरावीक मेसेज क्रमानेच देणं), की तुम्ही तिथले झालात. ईएपीत आर्टेमिसचं मेसेज ग्रुपिंग आहे पण कोड आणि टेस्टिंग दोन्ही नव्याने. म्हणून वेबलॉजिकवरून हलायचा विचार असेल तर आधी अख्ख्या सोर्समध्ये वेबलॉजिक डॉट ने सुरू होणारे इम्पोर्ट किती आहेत ते शोधा. पाच-दहा असतील तर निघा, शेकड्यात असतील तर बसा तिथंच.

क्लासलोडिंगमध्ये (कुठली लायब्ररी आधी उचलायची यात) पण दोघांचा स्वभाव उलटा. वेबलॉजिक आधी स्वतःच्या लायब्ररी बघतो, तुमच्या वॉरमधलं (वेब ॲपच्या फाइलमधलं) नवं व्हर्जन बाजूला पडतं, मग वेबलॉजिक डॉट एक्सएमएलमध्ये प्रेफर-ॲप्लिकेशन-पॅकेजेस लिहीत बसा. ईएपीत प्रत्येक गोष्ट वेगळं मॉड्यूल, एकमेकांना दिसतच नाहीत, त्यामुळे भांडणं कमी पण "क्लास सापडला नाही" जास्त. डेटाबेस ड्रायव्हरचं तेच, वेबलॉजिकमध्ये ऑरॅकलचा ड्रायव्हर आलेलाच असतो, ईएपीत एच२ या छोट्या डेटाबेसचा सोडून काही येत नाही, तुमचा ड्रायव्हर तुम्हीच मॉड्यूल करून टाकायचा.

१४.१.२ ला जाणाऱ्यांना दोन धक्के बसतात. एक म्हणजे ब्राउझरमधलं ते जुनं ॲडमिन कन्सोल काढलंय, आता रिमोट कन्सोल. ज्या ॲडमिनने पंधरा वर्षं तोच डावीकडचा ट्री बघितलाय त्याला थोडे दिवस द्या. दुसरं, नवं डोमेन प्रॉडक्शन मोडमध्ये बनवलं की सिक्युअर्ड प्रॉडक्शन मोड आपोआप लागतो, साधा ७००१ पोर्ट बंद, एसएसएल चालू, ॲडमिनसाठी वेगळा ९००२. सुरक्षिततेच्या दृष्टीने उत्तमच, पण तुमचे लोड बॅलन्सरचे हेल्थ चेक आणि फायरवॉलचे नियम सगळे ७००१ वर लिहिलेले असतात, सर्टिफिकेट कोण देणार हे कोणी ठरवलेलं नसतं, आणि मग सर्व्हर चालू असून बंद दिसतो.

ओएसचं थोडक्यात. आरएचईएल ८ किंवा ९ असेल तर दोन्हीकडे बिनघोर. विंडोज सर्व्हरवर दोन्ही चालतात, पण ईएपी विंडोजवर चालवणारे लोक कमी, मदत शोधताना ते जाणवतं. सोलारिस असेल तर मात्र थांबा, सोलारिस आणि स्पार्कचं पोर्ट जेडीके १५ मध्येच काढलंय, त्यामुळे ज्याला जेडीके १७ लागतं असं काहीच तिथं येणार नाही, म्हणजे वेबलॉजिक १४.१.२ पण नाही आणि ईएपी ८.१ पण नाही. तिथं आधी मशीन बदला, मग सर्व्हरचं बोलू. व्हर्च्युअल मशीन, डेटाबेस व्हर्जन, ड्रायव्हर व्हर्जन हे सगळं ऑरॅकलच्या एका भल्यामोठ्या एक्सेल शीटमध्ये आणि रेड हॅटच्या टेस्टेड कॉन्फिगरेशनच्या पानावर असतं. आपली ओळ शोधून पीडीएफ करून प्रपोजलला जोडा, नंतर कामी येते.

पैसे. वेबलॉजिकची लिस्ट प्राइस प्रोसेसरमागे स्टँडर्डला १०,००० डॉलर, एंटरप्राइझला २५,००० आणि सुइटला ४५,०००. स्टँडर्डमध्ये क्लस्टरिंग नाही, म्हणजे दोन नोडवर सेशन टिकवायचं म्हटलं की एंटरप्राइझच. रॅकसाठी (ऑरॅकल डेटाबेसच्या क्लस्टरसाठी) ॲक्टिव्ह ग्रिडलिंक आणि कोहेरन्स एंटरप्राइझ (ऑरॅकलचं कॅशे) हवं तर सुइट. एक्स८६ ला कोअर फॅक्टर ०.५, म्हणजे १६ कोअरचे ८ प्रोसेसर, एंटरप्राइझचे २ लाख डॉलर, वर दर वर्षी २२ टक्के सपोर्ट म्हणजे ४४,०००. घासाघीस होते, एवढे कोणी देत नाही, पण सुरुवात इथून होते. आणि व्हीएमवेअर असेल तर सावध, ऑरॅकल त्याला हार्ड पार्टिशनिंग (कोअरची पक्की वाटणी) मानत नाही, चार कोअरचं व्हीएम दाखवून सुटका होत नाही, खालच्या होस्टचे कोअर मोजायची भाषा सुरू होते. एक जमेची बाजू, वेबलॉजिक चालवण्यापुरता जावा एसईचा हक्क लायसन्समध्येच येतो. ईएपी सबस्क्रिप्शनवर, कोअरच्या हिशोबाने, लायसन्स विकत घ्यायची भानगड नाही, त्यामुळे पहिल्या वर्षाचा आकडा खूपच लहान दिसतो. पण ७ वरून ८ वर न्यायला लागणारे माणसांचे महिने त्याच रकान्यात लिहा, नाहीतर तुलना खोटी होते.

बाजूचे दोन पर्याय पण सांगतो. आयबीएमची लिबर्टी जावाएक्स आणि जकार्ता दोन्ही एकाच प्रॉडक्टमध्ये ठेवते, सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये कुठल्या फीचरचं कुठलं व्हर्जन हवं ते लिहायचं, जुनं व्हर्जन काढून टाकत नाहीत, जावा ८ वर पण चालतं आणि २१ वर पण. ओपन लिबर्टी २०१७ पासून फुकट आहे. आयबीएमच्या एआयएक्स किंवा झेड/ओएस या ओएस असलेल्यांनी तर आधी हेच बघावं. दुसरा टॉमकॅट, फक्त वेबपुरता हलका सर्व्हर. ईजेबी आणि जेएमएस वापरतच नसाल तर बाकी सगळं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. टॉमकॅट ९ जावाएक्स, १०.१ आणि ११ जकार्ता, फक्त तिथं ऑरॅकलचं जेडीके टाकू नका, जानेवारी २०२३ पासून त्याचं सबस्क्रिप्शन कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांवर मोजतात, टेम्युरिनचं किंवा ओएससोबत येणारं फुकट ओपनजेडीके घ्या. वाइल्डफ्लाय फुकट आहे म्हणून प्रॉडक्शनला टाकणारे असतात, पण दर तीन महिन्यांनी नवं व्हर्जन आणि सिक्युरिटी फिक्स हवा तर पुढच्या व्हर्जनला जा, एवढा दम टीममध्ये असेल तरच.

मला कोणी विचारलं तर मी असं सांगतो. कोडमध्ये वेबलॉजिकचे इम्पोर्ट ढिगाने आणि डेटाबेस ऑरॅकल रॅक, तर १४.१.२ वर जा आणि जकार्ताचं नंतर बघा. आधीच ईएपी ७ वर असाल आणि कोड तुमच्या हातात असेल, टेस्ट बऱ्यापैकी असतील, तर ८.१ ला सरळ जा, ८.० वर थांबण्यात अर्थ नाही. कोड कोणाचा माहीत नाही, लिहिणारे गेले, फक्त ईएआर फाइल (पॅक केलेलं अख्खं ॲप) उरली आहे, तर लिबर्टी लावून बघा, ती जावाएक्स फीचरवर उठते का ते एका दुपारी कळतं. स्प्रिंग बूट ३ (जावाचं फ्रेमवर्क) वर जायचं आधीच ठरलं असेल तर त्याला जावा १७ आणि जकार्ता दोन्ही लागतंच, म्हणजे वेबलॉजिक १४.१.२ यादीतून आपोआप बाद. आणि काहीही ठरवा, क्यूमधले न उचललेले मेसेज एका सर्व्हरच्या स्टोअरमधून दुसऱ्याच्या स्टोअरमध्ये फाइल कॉपी करून जात नाहीत, कटओव्हरच्या (नव्या सर्व्हरवर जायच्या) रात्री आधी क्यू रिकामे करायला वेळ ठेवा आणि तो वेळ बिझनेसकडून लेखी घ्या.